चित्र वाळेपर्यंत

नोव्हेंबरात एक सकाळ अशी येते की एसी बंद करावासा वाटतो. सहा-सात महिने तो सतत चालू असतो, त्यामुळे त्याला आवाज आहे हेही आपण विसरलेलो असतो. आज तशी सकाळ आली. बटण दाबलं आणि घर इतकं गप्प झालं की खाली कुणीतरी दुकानाचं शटर वर सरकवलं ते चौथ्या मजल्यावर नीट ऐकू आलं. खिडकी उघडली. कतरमधल्या ह्या अल सद्दच्या हवेत धूळ होती, गाड्यांचा धूर होता, कुणाकडची तरी लसणाची फोडणी होती, पण अंगाला चिकटणारी वाफ नव्हती. महेशने हे माझ्याआधी ओळखलं होतं. मी मागे वळून पाहिलं तर तो स्टुलावर चढून कपाटावरची पेटी काढत होता.

ती पेटी म्हणजे माझी सवत. लाकडी आहे, खालून तीन पाय निघतात, झाकण उभं केलं की त्यावर बोर्ड बसतो आणि पोटात तैलरंगाच्या ट्यूबा. माझा नवरा वेस्ट बेमधल्या एका ऑफिसात इमारतींची ड्रॉइंग तपासतो, आणि हिवाळ्यातले सुट्टीचे शुक्रवार कतरच्या किनाऱ्यांवर उभं राहून समुद्र रंगवण्यात घालवतो. दर शुक्रवारी नवा किनारा. पेटीची कडी काढली की आधी टर्पेंटाइनचा वास येतो आणि त्याच्यामागून लवंगेच्या तेलाचा. हा दुसरा वास आला की मला तो हिवाळा आठवतो. चार वर्षं झाली. त्या हिवाळ्यात मला काही वाटत नव्हतं.

हे मी जपून लिहितेय. दुःख झालं होतं असं मी म्हणत नाही, काही वाटत नव्हतं असं म्हणतेय. मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की पेशंटचा ओठ त्याचा राहत नाही. तो पाणी पितो आणि ते हनुवटीवरून गळतं, त्याला पत्ता नसतो. प्रत्येकाला मी हिंदीत नाहीतर इंग्रजीत एकच वाक्य सांगते, दोन तास काही खाऊ नका, गाल चावला जाईल. लोक हसतात. पण काहीजण खरंच खातात आणि संध्याकाळी फोन करतात की तोंडातून रक्त येतंय. बधिर असताना माणूस स्वतःला चावतो आणि त्याला कळत नाही. मला हे तोंडपाठ होतं, आणि तरी.

त्या वर्षी सप्टेंबरात आमचं बाळ गेलं. सातवा महिना होता. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी आठच दिवसांपूर्वी माझं डोहाळजेवण केलं होतं, झोपाळ्याला ऑर्किडची खोटी फुलं लावली होती कारण खरी फुलं त्या उन्हात तासभरही टिकत नाहीत. मुलगी होती. नाव ठरलं नव्हतं, कागदावर नुसतं 'बेबी ऑफ वृंदा' होतं. त्या कागदावर मी तीन ठिकाणी सही केली. आईला फोन मीच केला आणि शांतपणे केला. आई हर्णैजवळच्या आमच्या गावी हमसून रडत होती, आणि मी तिला सांगत होते की बाबांच्या बीपीची गोळी चुकवू नकोस.

खालच्या मजल्यावर फिलोमिना आंटी राहते. वसईची, तीस वर्षं नर्स आहे. ती रोज डबा घेऊन यायची. बाकीच्या बायका 'होईल गं पुन्हा, इन्शाल्ला' म्हणून निघून गेल्या, ती मात्र समोर बसायची. एकदा म्हणाली, "बाय, रडायचं तर रड, नायतर जेव. दोन्ही करणार नसशील तर मी कशाला माझा सीरियल सोडून बसू?" मी जेवले. रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

महेशच्या ऑफिसात लोक दोन दिवस हळू आवाजात बोलले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ड्रॉइंग कधी देतोस. त्याने दिली. मग नोव्हेंबर लागला, एसी बंद झाला, आणि पहिल्याच शुक्रवारी त्याने पेटी खाली काढली. मी बघत राहिले. ह्या माणसाला चित्रं सुचतात कशी, एवढंच मनात आलं. राग आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चल. नुसती गाडीत बस." मी गेले. घरी बसलं काय आणि गाडीत बसलं काय.

महेश बार्शीचा. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीला. शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती म्हणून तैलरंग घेतले आणि समुद्र पाहिला म्हणून समुद्र काढायला लागला, एवढाच त्याचा इतिहास. मी हर्णैची. मला इथला समुद्र समुद्र वाटतच नाही. आवाज नाही, लाट नाही, परातीत पाणी ओतून ठेवल्यासारखा. लग्नानंतर नवी नवी आले तेव्हा मी त्याला म्हणाले होते, "ह्याला आमच्याकडे डबकं म्हणतात." त्याला भयंकर लागलं होतं. त्या हिवाळ्यात मी असं काहीच म्हणत नव्हते, आणि तो मधूनमधून माझ्याकडे बघायचा, म्हणेल आता, या आशेने.

त्याची काम करायची एक रीत आहे. किनाऱ्यावर पोचलं की तो दहा मिनिटं नुसता बघतो आणि सावल्या कुठे पडल्यात ते ठरवतो. सगळ्यात आधी त्या सावल्याच रंगवून टाकतो. मग ऊन सरकतं, सावल्या फिरतात, समोरचं सगळं बदलतं, पण तो चित्रातल्या सावल्या हलवत नाही. उन्हामागे धावलं की चित्राचा चिखल होतो म्हणे. गाडीत बसून मी हे दर शुक्रवारी पाहायचे. मीही तेच केलं होतं. सप्टेंबरातल्या पहिल्या दहा दिवसांत माझ्या सावल्या ठरल्या होत्या. हे घर नको, हा देश नको, हा माणूस चांगला आहे पण नको. त्यानंतर ऊन कुठे गेलं ते मी पाहिलं नाही.

झक्रीतला गेलो तो दुसरा शुक्रवार असेल. पश्चिमेचा किनारा, पांढरट चुनखडीच्या टेकाडांमागे उथळ पाणी, आणि पाण्याचा रंग इतका फिका की आभाळ कुठे संपलं ते शोधावं लागतं. तैलरंग इथल्या कोरड्या हवेत पॅलेटवर लवकर सुकतात, त्यांच्यावर साय धरते, म्हणून महेश रंगात लवंगेच्या तेलाचा थेंब टाकतो. लवंगेने रंग ओला राहतो. दवाखान्यात आम्ही हेच तेल दातासाठी वापरतो, दात बधिर करतं ते. त्या दिवशी त्याचे हात भरलेले होते. गाडीच्या खिडकीतून पॅलेट माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "पांढऱ्यात दोन थेंब टाक ना."

मी बाटली उलटी धरली. एक, दोन, तीन. मी पुढे मोजत राहिले. सोळा, सतरा. रागाने नाही, मुद्दाम म्हणावं तर तसंही नाही. हात थांबवायला काहीतरी वाटावं लागतं. बाटली अर्धी झाली तेव्हा मी बूच लावलं. गाडीत असा वास सुटला की दवाखान्यात बसल्यासारखं झालं. महेशने पॅलेट घेतली, एकदा नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं. मग वळून रंगवायला लागला. तो पांढरा रंग आभाळात गेला, पाण्यात गेला, चुनखडीत गेला. झक्रीतच्या चित्रात पांढऱ्याशिवाय आहे काय?

अर्ध्या तासाने किनारारक्षकांची जीप आली. त्यातला एक तरुण शिपाई उतरून चित्राजवळ आला. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "खलास?" महेश म्हणाला, "नो, नो. नॉट खलास." शिपाई जाताना म्हणाला, एक होडी काढ, होडीशिवाय बरं दिसत नाही. महेशने होडी काढली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत पांढऱ्या रंगाचा एक मोठा लपका मला दिसला, कागदात गुंडाळलेला. उरलेला पांढरा त्याने फेकून दिला होता. मी पिशवीला गाठ मारली.

डिसेंबरात आईचे फोन वाढले. "ये गो इकडे. तिथे काय भिंतींशी बोलतेस?" आई म्हणायची. बाबा फोनवर काही बोलत नसत, नुसते 'हं' म्हणून फोन आईकडे देत. मी मनाशी ठरवलं. थखिराला गेलो होतो त्या शुक्रवारी महेशला सांगितलं.

थखिराला तिवरं आहेत. वाळवंटाच्या टोकाला हिरवी तिवरं आणि खालचा काळा चिखल, ओहोटीला उघडा पडलेला, थेट आमच्या खाडीसारखा. त्या दिवशी मी पहिल्यांदा गाडीतून उतरले. चपला काढल्या आणि चिखलात उभी राहिले. एक कुर्ली तिरकी पळाली. वास तोच होता, अगदी तोच, लहानपणी बाबांचं बोट धरून गेले होते तिथला. आता काहीतरी होईल म्हणून मी थांबले. काही झालं नाही. पाय धुतले आणि गाडीत येऊन बसले.

परतताना उम्म सलाल मोहम्मद गावापाशी तो नेहमी करक चहाला थांबतो. गाडीच्या खिडकीशी पोऱ्याने कागदी कप आणून दिले. मी कप धरून म्हणाले, "मी आईकडे जाते. परत येईन असं वाटत नाही मला."

त्याने चहा प्यायला. सगळा प्यायला. मग विचारलं, "कधी?"

"बघू. तिकीट काढलं की."

"बाबांना एक चित्र ने," तो म्हणाला. "झक्रीतचं. वाळलं की जा. ओलं नेता येणार नाही, बॅगेत सगळं लागेल."

"बरं."

एवढंच. आठ वर्षांचा संसार आणि एवढंच बोलणं. पुढच्या सिग्नलला त्याने कप माझ्या हातातून घेतला आणि आपल्या कपात घालून ठेवला. मी कितीतरी वेळ रिकामाच कप धरून बसले होते.

झक्रीतचं चित्र आमच्या बेडरूमच्या कपाटात होतं. खालचा मोठा कप्पा आम्ही उन्हाळ्यात रिकामा केला होता, कशासाठी ते सांगायला नको. सप्टेंबरनंतर तो तसाच रिकामा होता. ओली चित्रं धुळीपासून सांभाळायला महेशने तो घेतला. मला विचारलं नाही. मी रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी तो कप्पा उघडायचे आणि आभाळाच्या कोपऱ्यात बोट टेकवायचे. बोटाला पांढरं लागायचं. मी ते पुसायचे, कप्पा लावायचे आणि कामावर जायचे. आई विचारायची, तिकीट काढलंस? मी म्हणायचे, अजून ओलं आहे. "काय ओलं आहे?" "चित्र." पोरीचं डोकं फिरलं असं तिला वाटत असणार.

जानेवारीत फुवैरितच्या किनाऱ्यावर वारा सुटला. इथे उत्तरेचा वारा सुटतो तेव्हा वाळू जमिनीलगत सापासारखी पळते. मी छत्री धरून उभी होते, कारण आता मी गाडीत बसत नसे, आईकडे जायचंच आहे तर तोवर थोडा हातभार लावू एवढ्या हिशोबाने. छत्री उलटली, पेटी कलंडली आणि चित्र तोंडावर वाळूत पडलं. दोन तासांचं काम. महेशने ते उचललं. रंगावर सगळीकडे वाळू बसली होती. तो फुंकर मारून म्हणाला, "असू दे. छान पोत आलाय."

आणि मी ओरडले. झक्रीतच्या त्या शिपायाला ऐकू गेलं असतं इतकी ओरडले. "तुला काही वाटतं की नाही? काहीही झालं की असू दे. पडलं, असू दे. मी जाते, असू दे. ती गेली, असू दे. माणूस आहेस की दगड?"

त्याने चित्र पेटीवर ठेवलं. हात पुसले. म्हणाला, "वाटतं. ऑफिसात वाटून चालत नाही. घरी तुझ्यासमोर वाटून घ्यायची भीती वाटते. म्हणून इथे येतो. तुला वाटतं मी समुद्र बघतो. दोन तास पाठ करून रडता येतं, वृंदा. कुणी विचारत नाही. डोळ्यात वाळू गेली म्हणायचं."

मी इतके शुक्रवार त्याची पाठ पाहिली होती. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, मानेवर ऊन लागू नये म्हणून टोपीला अडकवलेला रुमाल. ती पाठ हलत नव्हती, निदान मला हलताना दिसली नव्हती. वाऱ्यात त्याच्यासमोर उभी असताना माझ्या ओठांना मुंग्या आल्या. इंजेक्शन उतरतं तेव्हा आधी मुंग्याच येतात. दुखणं त्याच्यानंतर. पेशंटना मी हेही सांगते, पण ते लक्षात ठेवत नाही कुणी. मी छत्रीच्या काड्या सरळ करत बसले आणि दोन काड्या मोडल्या.

मग फेब्रुवारी. एका शनिवारी मी तो कप्पा पुसायला काढला. सगळी चित्रं बाहेर ठेवली. थखिराचं वाळलं होतं. फुवैरितचं वाळूसकट कडक झालं होतं. वक्राच्या होड्या, दुखानचा किनारा, सगळी वाळून खडखडीत. ओलं होतं ते फक्त झक्रीतचं. मी फरशीवर बसले. एवढ्या चित्रांतून त्याने बाबांसाठी नेमकं हेच निवडलं होतं. पांढरा रंग नाकाशी नेला होता त्याने. उरलेला फेकला होता. हे चित्र महिनोन्‌महिने वाळणार नाही हे उम्म सलालला चहा पिताना त्याला पक्कं माहीत होतं. थांब, असं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. बार्शीची माणसं, सरळ मागणार नाहीत, उपाशी राहतील.

मी चित्रं होती तशी कप्प्यात लावली. त्याला बोलून दाखवलं नाही. फिलोमिना आंटीला मात्र सांगितलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, "मग? तेल कुणी ओतलेलं?"

"मी."

"मग त्याला कशाला शहाणा म्हणतेस?" म्हणाली आणि बोंबिलाचं डोकं उडवलं.

त्या वाक्यावर मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी जेवून झोपले. आमच्यासारख्यांचं असंच असतं. विचार नंतर कधीतरी, भाजी निवडताना येतो.

मार्च संपत आला. सकाळी खिडकीच्या काचेवर पुन्हा वाफ धरायला लागली. एसी परत सुरू झाला. महेशने ब्रश धुतले, पेटी कपाटावर चढवली. सीझन खलास. त्या शुक्रवारी सकाळी तो अंघोळीला गेला असताना मी कप्पा उघडला आणि सवयीने आभाळाच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. बोट उचलून पाहिलं. काही लागलं नव्हतं. दुसरीकडे टेकवलं, पाण्यावर, चुनखडीवर. मग तळवा टेकवला. कोरडं होतं. सगळं कोरडं.

इतके महिने मी वाट कशाची पाहत होते ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी घाबरले. खरंखुरं घाबरले. डिसेंबरात ह्याच गोष्टीसाठी मी बॅग काढून ठेवली होती. मी कप्पा लावून टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं. आता तो बघेल. बघेल आणि म्हणेल, वाळलं. तो खोटं बोलत नाही, लग्नाच्या आधी स्वतःच्या टकलाबद्दलही खोटं बोलला नव्हता.

तो अंघोळ करून आला. स्वयंपाकघराच्या दारातून बेडरूम दिसते. त्याने शर्ट काढायला कपाट उघडलं, आणि मग खाली वाकून कप्पा. मी आल्याचा तुकडा हातात धरून उभी. त्याने बोट टेकवलं. उचललं. अंगठ्यावर घासून पाहिलं. पुन्हा टेकवलं, जरा दाबून. मग बराच वेळ तो तसाच उकिडवा बसला होता, ओल्या मानेवरून पाणी पाठीवर गळत होतं, आणि ती पाठ हलत होती. ह्या वेळी मला दिसली.

तो चहाला आला. समोर बसला. उजव्या हाताची बोटं टेबलावर होती, स्वच्छ, कोरडी, नखात साबण.

"अजून ओलं आहे," तो म्हणाला.

मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. मी पाहतेय हे त्याने पाहिलं. हात मागे घेतला नाही.

"मला वाटलंच," मी म्हणाले. "तेल फार पडलं होतं."

आणि मग माझा कप हातातून सुटला आणि मी रडायला लागले, सप्टेंबरपासूनचं, तोंड उघडं टाकून, फिलोमिना आंटी चमचा हातात घेऊन जिना चढून येईपर्यंत.

ते चित्र आता हॉलमध्ये आहे. अजून आम्ही दोघंच आहोत. बाबांना थखिराचं दिलं, त्यांनी ते देवघरासमोर लावलंय आणि गावभर सांगतात की ही आपलीच खाडी. आज पेटी खाली आली म्हणून मी हॉलमधली धूळ झटकायला घेतली. फडकं झक्रीतच्या आभाळापाशी गेलं तर स्टुलावरून महेशचा आवाज आला.

"जपून गं. ओलं आहे ते."

मी फडकं मागे घेतलं.